एकशे सत्तावीस कोयना आणि त्यांचं जुळं

३० मे २०२४. उन्हाने अर्धा देश भाजून निघाला होता. घराघरांत पंखे, कूलर, एसी घरघरत होते आणि त्या दिवशी भारताने एका क्षणाला मागितलेली वीज होती तब्बल २,५०,००० मेगावॅट! वाचलंत? आता जरा थांबा. हा आकडा डोळ्यांना दिसतो, पण डोक्यात शिरत नाही. अडीच लाख काय नि पंचवीस लाख काय, शून्यं मोजण्यापलीकडे आपण काही करत नाही. म्हणून आधी एक घरचं माप घेऊ. कोयनेचे सगळे टप्पे एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालले तर १,९६० मेगावॅट देतात. याला म्हणू ‘एक कोयना’. मग त्या दिवशी देशाला किती कोयना लागल्या? एकशे सत्तावीस!

तरी डोळ्यांपुढे येत नाही? बरं, रेल्वे घेऊ. आपल्याकडे मालगाड्या ओढणारं सर्वांत दांडगं इंजिन म्हणजे डब्ल्यूएजी-१२. बारा हजार अश्वशक्ती, म्हणजे साधारण ९ मेगावॅट. अडीच लाख मेगावॅटसाठी अशी २७ हजार ७०० हून अधिक इंजिनं हवीत. एकेक इंजिन सुमारे ३८ मीटर लांब. करा उभी एकामागे एक. डबे नकोत, नुसती इंजिनं! रांग सीएसएमटीला सुरू होईल, कसारा घाट चढेल, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा करत नागपूर गाठेल. संपली? छे! नागपूर ८३७ किलोमीटरवर आहे आणि रांग हजाराच्या वर आहे. शेवटचं इंजिन बघायला तुम्हाला गोंदिया मागे टाकून छत्तीसगडात शिरावं लागेल. आणि ही सगळी इंजिनं एकाच वेळी पूर्ण जोर लावून ओढतायत.

आता विहिरीवर चला. शंभर फूट खोल विहीर, तिच्यावर पाच हॉर्सपॉवरचा पंप, सेकंदाला पाच लिटर पाणी. अडीच लाख मेगावॅटवर असे किती पंप चालतील? सहा कोटी सत्तर लाख. ते सगळे एकदम सुरू केले तर सेकंदाला साडेतेहेतीस कोटी लिटर पाणी वर येईल. दहा हजार लिटरचे साडेतेहेतीस हजार टँकर, दर सेकंदाला! हे पाणी कोयना धरणात सोडलं तर १०५ टीएमसीचं ते धरण कोरड्या तळापासून काठोकाठ भरायला लागतील अडीच तास. डेक्कन क्वीन मुंबईहून सुटून पुण्याला पोहोचायच्या आत धरण भरून वाहू लागेल. (एवढ्या विहिरींना एवढं पाणी कुठून येणार, हा प्रश्न मराठवाड्यातल्या वाचकांनी कृपया आज विचारू नये.)

आणि पैसे? युनिटला ढोबळ पाच रुपये धरा. एका तासात २५ कोटी युनिटं, म्हणजे सव्वाशे कोटी रुपये. दर तासाला जवळपास एक सोळा डब्यांची वंदे भारत! सेकंदाला साडेतीन लाख रुपये. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत एका चांगल्या मोटारीचे पैसे तारांमधून निघून गेले.

इथवर नुसता आकार झाला. खरी गंमत वेगात आहे.

विजेला गोदाम नसतं. बॅटऱ्या आहेत, पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प आहेत, पण या भुकेपुढे ते चटणीएवढे. ज्या क्षणी वीज तयार होते त्याच क्षणी ती वापरली गेली पाहिजे. हा हिशेब दर महिन्याला किंवा दर तासाला जुळून भागत नाही, तो ठोक्याठोक्याला जुळावा लागतो. आपल्या ग्रिडचा, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याचा, ठोका सेकंदाला ५० वेळा पडतो. एक ठोका म्हणजे २० हजारांश सेकंद. त्या दिवशी अशा एकेका ठोक्यात देशाने १,३८९ युनिटं फस्त केली. महिन्याला ११५ युनिटं जाळणाऱ्या घराचा वर्षाचा वापर, एका ठोक्यात! त्याच सेकंदात अशी आणखी ४९ घरांची वर्षं. पुढच्या सेकंदात पुन्हा पन्नास.

हा ठोका काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच आहे. तो एक झाला तो आपल्या सोलापुरात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं वेगळं चालणारं ग्रिड उरलेल्या देशाच्या ठोक्यात आलं. तेव्हापासून चंद्रपूरची झोतयंत्रं, केरळातली जलविद्युत केंद्रं आणि हिमाचलातले प्रकल्प एकाच तालावर चालतात. औष्णिक केंद्रातलं मोठं यंत्र मिनिटाला ३,००० फेरे घेतं, दिवसाला ४३ लाख २० हजार. शेकडो टनांचं लोखंड, दिवसाला त्रेचाळीस लाख फेरे, आणि शेजारच्या राज्यातल्या यंत्राशी एका फेऱ्याचाही फरक पडता कामा नये! ठोका ४९.९० ते ५०.०५ यांच्यामध्ये राहावा असा नियम आहे. ही पट्टी केवढी? पन्नासच्या तुलनेत हजारात तीन. मुंबई–पुणे हे १९२ किलोमीटरचं अंतर कापताना सहाशे मीटरचीसुद्धा ढिलाई नाही.

आता तारा मोजू. २२० केव्ही आणि त्यावरच्या नुसत्या मोठ्या वाहिन्या घ्या, म्हणजे शेतांतून जाणाऱ्या त्या उंच मनोऱ्यांवरच्या. एका मनोऱ्यावर दोन वाहिन्या असतील तर दोन धरा. बेरीज होते सुमारे चार लाख नव्वद हजार किलोमीटर. पृथ्वीला बारा वेढे! मुंबई–पुणे, पुणे–मुंबई असं रोज एक अंतर तोडत राहिलात तर हे संपवायला सात वर्षं लागतील, आणि एकही रविवार मिळणार नाही. तुमच्या गल्लीतले खांब, डीपी, शेतात लोंबकळणाऱ्या तारा यातलं काहीही या मोजणीत नाही.

विजेची लाट या तारांमधून प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावते. मुंबईहून पुण्याला पोहोचायला तिला एका हजारांश सेकंदाच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी वेळ लागतो. डेक्कन क्वीनची एक फेरी सव्वातीन तासांची धरली, तर तेवढ्यात ही लाट सुमारे एक कोटी ऐंशी लाख वेळा ते अंतर कापेल. काश्मीर ते कन्याकुमारी? जेमतेम अर्धा ठोका. म्हणजे सोलापूरला काही फुटलं, तर त्याची बातमी देशाच्या दोन्ही टोकांना तुमची पापणी लवायच्या आत पोहोचलेली असते.

एवढं मोठं, एवढं वेगवान, पोटात साठा नसलेलं हे धूड. याच्यावर लक्ष ठेवायचं कुणी आणि कसं?

उत्तर असं: याचं एक जुळं जन्माला घालायचं. संगणकात! खऱ्या ग्रिडमधली प्रत्येक लाइन, प्रत्येक ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक जनित्र आकड्यांच्या रूपात तिथे उभं करायचं, बाहेरच्या मोजमापांची धार त्यात अखंड सोडत राहायची, म्हणजे बाहेर जे घडतंय तेच आत घडत राहतं. याला म्हणतात डिजिटल ट्विन. मग बाहेरच्याला हात न लावता आतल्याला छळायचं. ही लाइन तोडली तर? हे केंद्र बंद पडलं तर? ढग आले तर? आतलं जुळं कोसळलं तर कुणाच्या घरातला दिवा जात नाही. कोसळलं कसं ते बघायचं, पुन्हा उभं करायचं, पुन्हा छळायचं.

कल्पना तशी नवी नाही. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा यान पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरवर होतं. खालच्या लोकांनी जमिनीवरच्या सिम्युलेटरांत उपाय आधी करून पाहिले आणि मगच वर सूचना पाठवल्या. सव्वातीन लाख! आपल्या ग्रिडच्या तारा त्याच्या दीडपट आहेत. सिंगापूरने २०२१ साली आपल्या अख्ख्या वीजजाळ्याचं जुळं बनवायचं जाहीर केलं. २०२२ अखेरीस युरोपातल्या वीजवाहकांच्या आणि वितरकांच्या संघटनांनी तर सगळ्या खंडाचंच जुळं बनवायचा विडा उचलला. एक मात्र सांगून ठेवतो. हल्ली काहीही ‘डिजिटल ट्विन’ म्हणून खपवलं जातं. पडद्यावर सबस्टेशनचं रंगीत, गोल फिरणारं चित्र दिसलं म्हणून ते जुळं होत नाही. बाहेर लाइन ट्रिप झाल्यावर ज्याच्या आतले आकडे हलत नाहीत, तो नुसता फोटो.

आकडे हलायचे तर कुणीतरी मोजून पाठवायला हवेत. जुनी पद्धत अशी, की सबस्टेशनातून दर काही सेकंदांनी एकदा खबर यायची: एवढा दाब, एवढा भार. दोन खबरांच्या मध्ये चार-पाचशे ठोके पडून गेलेले! मग आलं पीएमयू नावाचं यंत्र. दाब, प्रवाह आणि त्यांचा कोन ते एकदम मोजतं आणि आपल्याकडे सेकंदाला २५ वेळा पाठवतं. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. म्हणजे पूर्वी ग्रिडचा फोटो यायचा, आता सिनेमा येतो, एक चित्र जास्तच. देशभरात अशी हजाराहून अधिक यंत्रं बसली आहेत. हिशेबाला सोपं म्हणून हजारच धरू. सेकंदाला पंचवीस हजार निरोप, दिवसाला २१६ कोटी. देशातल्या प्रत्येक माणसाने, तान्ह्या बाळासकट, रोज एकेक पोस्टकार्ड टाकलं तरी एवढं टपाल भरत नाही.

आणि या निरोपांवरची वेळ कशी असते? मायक्रोसेकंदाच्या हिशेबात, उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवलेली. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहालाखावा भाग. तेवढ्यात प्रकाश तीनशे मीटर जातो, लोकलच्या फलाटाएवढं अंतर. वेळ एवढी चुकली तर कोन चुकतो ०.०१८ अंशाने. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा एका सेकंदाच्या पाचव्या भागात जेवढा सरकतो तेवढा. चंद्रपूरचा कोन आणि ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याचा कोन यांच्यातला फरक इतक्या बारकाईने एकाच क्षणी बघता येतो, आणि त्या फरकावरूनच कळतं की मधल्या तारांवर किती ताण आहे.

हे यंत्र बनवलं कुणी? १९८८ साली, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात, अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांनी. फडके जन्माने ग्वाल्हेरचे. हे गाव लक्षात ठेवा.

कारण ३० जुलै २०१२. पहाटे दोन वाजून तेहेतीस मिनिटांनी बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाली. तिच्यावर झाड पडलेलं नव्हतं, वीज कोसळलेली नव्हती. भार एवढा वाढला होता की रक्षक रिलेला तो दोषासारखा भासला आणि त्याने लाइन तोडली. तिच्या जोडीची दुसरी वाहिनी कामासाठी आधीच बंद होती. मग भार तिसरीकडे धावला, ती तुटली, चौथीकडे धावला, ती तुटली, आणि पाहता पाहता सगळं उत्तर भारताचं ग्रिड आडवं. ते कसंबसं उभं केलं, तर ३१ जुलैला दुपारी एक वाजता तीच लाइन पुन्हा पहिली गेली! या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही ग्रिडं गेली. ४८,००० मेगावॅट, म्हणजे साडेचोवीस कोयना गडप. ६२ कोटी लोकांचा प्रदेश विजेविना. जगातल्या दर अकरा माणसांमागे एक माणूस! इतकी माणसं एका झटक्यात विजेविना राहिल्याचं उदाहरण त्याआधी जगात नव्हतं. गेलेल्या लाइनच्या टोकाला कोणतं गाव? ज्या गावाने जगाला पीएमयूचा जनक दिला, तेच. योगायोगाला कधी कधी विनोदाची फार वाईट खोड असते.

आता उलटी गोष्ट. ५ एप्रिल २०२०, रात्रीचे नऊ. करोनाच्या टाळेबंदीत, पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशाने नऊ मिनिटं दिवे मालवायचे होते. आपण गॅलरीत पणत्या घेऊन उभे होतो. दिल्लीतल्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्रात आणि त्याखालच्या मुंबई, कोलकाता, बंगळूर, शिलाँग इथल्या केंद्रांत मात्र लोक श्वास रोखून बसले होते. अंदाज होता की मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल. पूर्वतयारीसाठी गणितं मांडली, कुठली केंद्रं कधी किती उतरवायची, कधी चढवायची, याच्या तालमी केल्या. प्रत्यक्षात मागणी उतरली किती? ३१,०८९ मेगावॅटने! अंदाजाच्या दुपटीहून जास्त. जवळपास सोळा कोयना पंचवीस मिनिटांत नाहीशा, आणि पाठोपाठ परत यायला निघाल्या. जलविद्युत केंद्रांनी साडेसतरा हजार मेगावॅट उतरवले नि पुन्हा चढवले. ठोका हलला ४९.७० ते ५०.२६. बस्स. देशभरात कुठेही ग्रिड पडलं नाही. अंदाज चुकूनही ग्रिड उभं राहिलं, कारण तालीम केलेली होती. माझ्या मते त्या रात्री टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या त्या याच लोकांसाठी.

आज आपल्याकडे एकसंध, डोक्यापासून पायापर्यंतचं जुळं नाही. त्याचे अवयव आहेत. नियंत्रण कक्षांतले संगणक आलेल्या मोजमापांवरून ग्रिडची खरी स्थिती काढतात, त्यावर ‘असं झालं तर’ हे प्रश्न चालवतात, नवशिक्या नियंत्रकांना खोट्या ग्रिडवर खरे अपघात दाखवतात. हे अवयव जोडत जायचे, आणि खालच्या टोकाला तुमच्या-आमच्या मीटरपर्यंत न्यायचे.

मीटर म्हटलं की पुन्हा अबब! स्मार्ट मीटरचं ठरवलेलं उद्दिष्ट होतं २५ कोटी. प्रत्येकाने दर पंधरा मिनिटांचा वापर नोंदला तर दिवसाला ९६ नोंदी. २५ कोटी गुणिले ९६, म्हणजे २,४०० कोटी नोंदी, रोज! हे वहीत लिहायचं ठरवलं तर? दोनशे पानी वही, पानाला पंचवीस ओळी, एका वहीत पाच हजार नोंदी. रोज ४८ लाख वह्या लागतील. सेंटिमीटरभर जाडीची एकेक वही एकावर एक रचली तर पहिल्या दिवशी थप्पी ४८ किलोमीटर. तीच थप्पी मुंबईपासून आडवी पाडा रुळांवर. चौथ्या दिवशी संध्याकाळी बरोबर पुणे स्टेशन! मी हे मुद्दाम जुळवलेलं नाही, गुणाकार तुम्हीच करून बघा.

आणि वेळ आणखी बारीक चिरायची तर? मोठमोठे इन्व्हर्टर, थेट प्रवाहाच्या लाइनी यांचं वागणं नीट पाहायचं तर खास संगणक ५० मायक्रोसेकंदांची एक पायरी धरतात. तेवढ्या वेळात प्रकाश सीएसएमटीहून निघून कुर्ल्याला पोहोचतो. सेकंदाला वीस हजार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर सगळी समीकरणं पुन्हा सोडवायची. यातल्या प्रत्येक पायरीचं एकेक चित्र काढून ती थिएटरात सेकंदाला २४ या गतीने दाखवली, तर खऱ्या एका सेकंदाचा सिनेमा चौदा मिनिटं चालेल. एका तासाचा? पस्तीस दिवस, मध्यंतर धरलेलं नाही. साहजिकच इतकी बारीक नजर ग्रिडच्या एखाद्या भागावरच ठेवतात, सगळ्या देशावर नाही.

एवढी बारकाई हवी कशाला? कच्छच्या रणात खावडा इथे उभं राहत असलेलं उद्यान बघा. सातशे चौरस किलोमीटरहून मोठं, सिंगापूर देशाच्या तोडीचं, आणि क्षमता ठरवली आहे ३०,००० मेगावॅट. पंधरा कोयना एका वाळवंटात! हे सगळं नुसत्या सौर पाट्यांवर करायचं ठरवलं तर साडेपाचशे वॅटच्या सुमारे साडेपाच कोटी पाट्या लागतील. कोळशाच्या केंद्रात शेकडो टनांचं लोखंड फिरत असतं. गडबड झाली तर त्या फिरण्यातली ताकद काही क्षण ग्रिडला सावरून धरते. पाटीत काही फिरत नाही. ढग आला, वीज गेली. इन्व्हर्टरला दाब पटला नाही, त्याने अंग काढून घेतलं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेनमध्ये दाब वाढत गेला आणि पाच सेकंदांत १५,००० मेगावॅट वीज गायब झाली. त्या क्षणाच्या मागणीच्या साठ टक्के. साडेसात कोयना, अडीचशे ठोक्यांत! त्यापाठोपाठ पोर्तुगालही अंधारात.

इथे जुळ्याची खरी परीक्षा येते. ४०० केव्हीच्या लाइनवर दोष आला तर तो १०० हजारांश सेकंदांत तोडायचा असतो. पाच ठोके! एवढ्यात माणूस ‘अरे’सुद्धा म्हणू शकत नाही. ते काम रिलेचं, तिथे जुळं काही कामाचं नाही. जुळ्याला विचारायचं ते आधी. मग चला, सगळंच आधी विचारून ठेवू ना! संगणक आहेत, वेळ आहे. आहे का?

धरा, ग्रिडमध्ये लाइन, ट्रान्सफॉर्मर, जनित्रं असे मिळून दहा हजार नग आहेत. यातला एक बंद पडला तर काय होईल? दहा हजार प्रश्न. एका प्रश्नाचं उत्तर एक हजारांश सेकंदात मिळतं असं उदार मनाने समजू. दहा सेकंदांत काम तमाम. वा!

दोन नग एकदम गेले तर? जोड्या होतात जवळपास पाच कोटी. चौदा तास. ठीक आहे, रात्री लावून ठेवू.

तीन गेले तर? १६,६६१ कोटी त्रिकुटं. सव्वापाच वर्षं. आज बसवलेला संगणक तोवर भंगारात.

चार? तेरा हजार वर्षं! आज उत्तर हवं असेल तर अश्मयुगात कुणीतरी गणित सुरू करून ठेवायला हवं होतं.

पाच? दोन कोटी चौसष्ट लाख वर्षं. तेव्हा गणित मांडायला माणूसच नव्हता.

सहा? फक्त सहा हं, दहा हजारांतले सहा. सुमारे ४,४०० कोटी वर्षं! या विश्वाचं वय आहे १,३८० कोटी वर्षं. विश्व जन्मलं त्या क्षणी संगणक सुरू केला असता, तर आज एक तृतीयांशसुद्धा काम झालेलं नसतं. हजार संगणक लावता? लावा. चार कोटी चाळीस लाख वर्षांनी भेटू. आणि २०१२ च्या जुलैत गेलेल्या लाइनी सहापेक्षा कितीतरी जास्त होत्या.

अजून एक पायरी राहिली आहे, धीर धरा. नग विसरा, नुसते स्विच घ्या. प्रत्येक स्विच चालू किंवा बंद. दहा स्विचांच्या वेगवेगळ्या स्थिती १,०२४. वीस स्विचांच्या दहा लाखांवर. चाळीस स्विचांच्या एक लाख कोटींवर. शंभर स्विचांच्या स्थिती लिहायच्या तर ३१ अंकी संख्या लागते. आणि २६६ स्विच? एकावर ऐंशी शून्यं! आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या शास्त्रज्ञ साधारण एवढीच सांगतात. तारे, दीर्घिका, सह्याद्री, समुद्र, तुम्ही, मी, सगळ्यांचे सगळे अणू. आणि तिकडे २६६ स्विच. तुमच्या चार मजली सोसायटीतली दिव्या-पंख्यांची बटणं मोजा, यापेक्षा जास्त भरतील. देशाच्या ग्रिडमधले स्विच मोजायला तर बसूच नका.

तेव्हा सगळं आधी विचारून ठेवणारं जुळं कधीच बनणार नाही. आजचा नाही, उद्याचा नाही, कुठलाच संगणक त्याला पुरणार नाही. बनतं ते निवड करणारं जुळं. आत्ता या घडीला कुठल्या तारा तापल्यात, कुठे कोन ताणलाय, कुठली जोडवाहिनी कामासाठी बंद आहे, एवढं बघून ते लाखोंतले शे-दोनशे धोके पुढे काढतं आणि नियंत्रकाला सांगतं, यांच्याकडे आधी बघ. काही मिनिटांनी भार बदलतो, यादी बदलते, ते पुन्हा सांगतं. यादीतलं पहिलं नाव वाचून भार उतरवायचा की नाही, हे अजून माणूसच ठरवतो, आणि माझं मत विचाराल तर निदान काही वर्षं तरी त्यानेच ठरवावं.

तुम्हाला हा ठोका स्वतः बघायचा असेल तर पैसे पडत नाहीत. ग्रिड-इंडियाच्या संकेतस्थळावर देशाची फ्रिक्वेन्सी थेट दिसते. आज संध्याकाळी सात वाजता, दिवे लागायच्या वेळी, ते पान उघडा आणि पाच मिनिटं फक्त दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे बघत बसा.